मक्याच्या पाइपची नळी: आधी ओळखा, मग धुवा

मक्याच्या बुरकुंडाचा, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाचा, तंबाखू ओढायचा नवा पाइप हातात आला की लोक दोनपैकी एक गोष्ट हमखास करतात. कुणी नळाखाली धरून तो आख्खा धुतो, तर कुणी स्पिरिटचा बोळा फिरवून तो ‘निर्जंतुक’ करतो. पाण्याने बुरकुंड फुगते. स्पिरिटने नळीला केसासारख्या बारीक चिरा पडतात. काही दिवसांनी नळीचा तुकडा दाताखाली येतो आणि मग प्रश्न सुचतो, ‘हे प्लॅस्टिक विषारी तर नसेल?’

प्रश्न योग्यच आहे, पण तो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. नळी कशाची आहे हे कळेपर्यंत ती कशाने धुवायची, किती तापू द्यायची आणि कधी फेकायची, यातले काहीच ठरवता येत नाही. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. बहुतेकांचा पाइप क्रम चुकल्यानेच बिघडतो.

## सुरुवात करण्याआधी

नळी कितीही उत्तम पदार्थाची असली तरी पाइप ओढणे सुरक्षित होत नाही. धूर छातीत न घेता तोंडातच फिरवला तरी ओठ, तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका राहतो. कागदी फिल्टर घातल्यानेही तो जात नाही. नळीच्या पदार्थाचा धोका त्यात आणखी भर घालतो, पण तो टाळता येतो, एवढ्यासाठीच हा लेख आहे. जे ओढत नाहीत त्यांनी तो वाचून सुरुवात करू नये. सोडायचे असेल तर भारतात १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे. भारतात १८ वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, अमेरिकेत ही वयोमर्यादा २१ आहे.

हाताशी एवढे सामान ठेवा: पांढरे सुती पाइप क्लीनर (तारेवर सुती धागे गुंडाळलेल्या लवचिक काड्या), भांडी घासायचे लिक्विड, कोमट पाणी, पांढरे स्वच्छ फडके, टिश्यू पेपर, मोबाइलचा टॉर्च, मधमाशीच्या मेणाचा लहान तुकडा. नळी एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, निघाली तर ४०० ते २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपरही (ओले घासायचे पॉलिश पेपर) लागतील. नळी बदलायची असेल तर व्हर्नियर कॅलिपर.

इशारा: हस्तकलेच्या दुकानातले रंगीत, चमकदार पाइप क्लीनर इथे चालत नाहीत. त्यांचे कृत्रिम धागे ओल शोषत नाहीत आणि त्यांचा रंग उतरू शकतो. तो रंग थेट तोंडात जाणार.

## टप्पा १: पाइपचे भाग वेगळे ओळखा

तंबाखू भरायची ती वाटी. ती बुरकुंडाची असते, म्हणजे कणसाचे दाणे काढल्यावर उरणाऱ्या भागाची. वाटीच्या बाजूला बसवलेला लाकडी तुकडा म्हणजे दांडी. दांडीत जाऊन बसते ती नळी. नळीचे जे टोक दांडीत शिरते त्याला मी खुंटी म्हणतो आणि तोंडाकडच्या टोकाला दाताची कड. काही पाइपांत दांडी आणि नळीच्या सांध्यावर धातूची पातळ कडी असते.

आता नळी न काढता तीन गोष्टी तपासा.

१. वाटीच्या आत बघा. आतून रंग किंवा चकाकते वॉर्निश दिसले तर तो पाइप तिथेच बाजूला ठेवा. बाहेरून प्लास्टर किंवा वॉर्निश असणे वेगळे. आतला थर मात्र तंबाखूबरोबर जळतो आणि त्याचा धूर तुम्ही ओढता.

२. वाटीच्या तळाशी दांडीचे लाकडी टोक आत आलेले दिसेल. तो दोष नाही, या पाइपची बनावटच तशी आहे. त्याचे पुढे काय करायचे ते सातव्या टप्प्यात येईल.

३. नळीची दाताची कड ओठावरून नव्हे, बोटावरून फिरवा. कुठे खरखरीत, धारदार किंवा अर्धवट कापलेले लागते का बघा. साच्यातून निघालेल्या स्वस्त नळीला कधीकधी अशी धार राहून जाते आणि रोज तिथेच घासून ओठाला जखम होते.

## टप्पा २: नळी कशाची आहे ते ठरवा

इथे घाई करू नका. पुढची सगळी कामे या उत्तरावर अवलंबून आहेत.

साच्यातले प्लॅस्टिक. मक्याच्या पाइपला सर्वांत जास्त आढळते ते हेच. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून हे पाइप बनतात. तिथल्या ‘मिसूरी मीरशॉम’ कंपनीचे नेहमीचे पाइपही अशाच नळीसह येतात. रंग मधासारखा पिवळा किंवा काळा, वजन अगदी हलके. ओळखायची खात्रीची खूण म्हणजे साच्याची रेघ. नळी उजेडात आडवी धरा आणि अंगठ्याचे नख तिच्या दोन्ही कडांवरून टोकापासून टोकापर्यंत हळू ओढा. साच्याचे दोन अर्धे जिथे जुळले तिथे नखाला एक बारीक उंचवटा लागतो. डोळ्यांना दिसला नाही तरी नखाला लागतोच. दाताची कड घासून गुळगुळीत केलेली असेल तर खुंटीजवळ शोधा, तिथे सहसा कुणी घासत नाही.

ॲक्रिलिक. हातात थोडे जड, ओठाला गार लागणारे, काचेसारखी चमक. रेघ नसते. बऱ्याचदा आत रंगांच्या लाटा दिसतात. दाताला लावले तर कडक ‘टक्’ आवाज येतो. मक्याच्या पाइपला ही नळी महागड्या प्रकारांत किंवा नंतर बदलून घेतलेली असते.

एबोनाइट, म्हणजेच व्हल्कनाइट. गंधक घालून कडक केलेले रबर. दाताखाली किंचित मऊ लागते, म्हणून जुन्या ओढणाऱ्यांना आवडते. अंगठ्याने अर्धा मिनिट जोरात चोळून लगेच वास घ्या. गंधकाचा, फुसका बार उडाल्यासारखा वास आला तर एबोनाइट. ऊन लागलेल्या नळीवर हिरवट-तपकिरी थर चढतो आणि तो जिभेला कडू लागतो.

जुन्या वस्तू. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा घरातली जुनी ट्रंक, इथून आलेला पाइप असेल तर फार जपून. कापरासारखा वास येणारी नळी सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकची असू शकते आणि सेल्युलॉइड भडकन पेटते. बेकेलाइट या कडक प्लॅस्टिकच्या काही जुन्या प्रकारांत भर म्हणून ॲस्बेस्टॉस घालत. कडक रबर बनवताना पूर्वी शिशाची संयुगे वापरत आणि लाल रंगासाठी हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. जुन्या काळच्या दातांच्या कवळ्यांतही हाच लाल रंग असे. त्यामुळे पदार्थ आणि वय माहीत नसलेली जुनी नळी, विशेषतः लाल, तोंडात घालू नका आणि घासूही नका. पाइपशी भावना जोडलेली असेल तर वाटी ठेवा आणि नळी नवी बसवा.

इशारा: तापलेली सुई टोचून पदार्थ ओळखायची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती करू नका. सेल्युलॉइड असेल तर पेट घेईल, इतर काही असेल तर त्याची वाफ नाकात जाईल आणि नळीला कायमचे भोक पडेल.

तपासणी: पांढरे फडके कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून नळीवर मिनिटभर घासा. फडक्यावर काळा, लाल किंवा पिवळा रंग उतरला तर नळी वरून रंगवलेली आहे. ती फेका. अपवाद एकच: एबोनाइटवर ऊन लागून चढलेला थरही फडक्यावर तपकिरी उतरतो. गंधकाचा वास त्याची साक्ष देतो.

## टप्पा ३: नळी काढा

पाइप पूर्ण थंड हवा. ओढल्यानंतर निदान तासभर थांबा. गरम असताना लाकडी दांडी ओलसर आणि फुगलेली असते. तेव्हा नळी ओढली तर एक तर खुंटी मोडते, नाहीतर दांडीच वाटीतून उपटून येते.

पकड महत्त्वाची आहे. बहुतेक जण एका हाताने वाटी आणि दुसऱ्याने नळीचे टोक धरून खेचतात. त्यामुळे सगळा जोर वाटी आणि दांडीच्या सांध्यावर येतो आणि तो सांधा या पाइपचा सर्वांत कच्चा भाग आहे. वाटी सोडा. एका हाताच्या चिमटीत दांडी धरा, दुसऱ्याने नळी खुंटीजवळ धरा आणि एकाच दिशेने हळूहळू फिरवत बाहेर काढा. मागेपुढे हलवू नका. निघतच नसेल तर पाइप रात्रभर कोरड्या जागी ठेवून सकाळी पुन्हा प्रयत्न करा.

आत कागदी फिल्टर असेल तर काढून फेका. तो एका वेळेपुरताच असतो.

## टप्पा ४: नळी धुवा, पदार्थ बघून

सर्व प्रकारांना लागू असा एक नियम: आधी आतून, मग बाहेरून. उलट केले तर आतला काळा चिकट रस नंतर बाहेर येतो आणि स्वच्छ केलेल्या कडेवर बसतो. या रसात निकोटीन असते. धुतलेले पाणी सरळ मोरीत ओता, लगेच हात धुवा आणि वापरलेले पाइप क्लीनर लहान मुले किंवा मांजर-कुत्री पोचतील अशा उघड्या कचऱ्यात टाकू नका.

### प्लॅस्टिक आणि ॲक्रिलिक

हाताला सोसेल एवढे कोमट पाणी, त्यात लिक्विडचा एक थेंब. पाइप क्लीनर भिजवून खुंटीकडून आत घाला आणि दाताच्या कडेतून बाहेर काढा. क्लीनर पांढरा निघेपर्यंत नवा घेत राहा. शेवटी साध्या पाण्याने आतून-बाहेरून खळबळून झटका आणि सावलीत उभी वाळत ठेवा.

उकळते पाणी नको. ॲक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, स्वस्त प्लॅस्टिकही त्याच टापूत. उकळत्या पाण्यात नळी वाकते, खुंटी लंबगोल होते आणि मग ती दांडीत कधीच नीट बसत नाही.

स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलेही काहीच नको. हे लोकांना पटवून देणे सर्वांत अवघड जाते, कारण लाकडी पाइप दारूने साफ करतात हे त्यांनी ऐकलेले असते. लाकडी पाइपच्या बाबतीत ते खरेही आहे. पण साच्यात ओतलेल्या किंवा कापून वाकवलेल्या प्लॅस्टिकमध्ये ताण अडकून राहिलेला असतो. अल्कोहोल लागले की तो ताण चिरांच्या रूपाने सुटतो. लगेच काही दिसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मग एक दिवस उजेडात धरल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. त्या रेषांत रस मुरतो, तिथेच घाण साठते आणि तिथूनच तुकडा पडतो.

इशारा: हार्डवेअरच्या दुकानात फ्रेंच पॉलिशसाठी मिळणारे डिनेचर्ड स्पिरिट तोंडाला लागणाऱ्या कुठल्याही वस्तूसाठी वापरू नका, मग नळी कशाचीही असो. त्यात मिथेनॉल असू शकते आणि मिथेनॉलने डोळे जातात, जीवही जातो.

### एबोनाइट

एबोनाइटला अल्कोहोलने चिरा पडत नाहीत. आतली घट्ट घाण पाण्याने निघत नसेल तर पिण्याच्या व्होडकात किंवा रममध्ये बुडवलेला पाइप क्लीनर आतून फिरवा आणि मग पाण्याने धुवा. मात्र गरम पाणी इथे दुप्पट वाईट, कारण त्याने काळा रंग तपकिरी होतो. ब्लीचने पृष्ठभाग खरखरीत होतो.

कडू थर चढला असेल तर तो घासूनच काढावा लागतो. वॉटर पेपर आणि नळी दोन्ही पाण्यात बुडवून घासा. ४०० नंबरने हिरवट रंग जाईपर्यंत, मग ६००, ८००, १०००, १५००, २००० या क्रमाने. मधला नंबर गाळला की आधीच्याचे ओरखडे शेवटपर्यंत दिसत राहतात. दाताच्या कडेवर ४०० नंबर वापरू नका. कड झिजून सपाट झाली तर दातांना धरायला काही उरत नाही. तिथे ८०० पासून सुरुवात करा.

कोरडे घासणे पूर्ण वर्ज्य. रबराची आणि गंधकाची बारीक पूड श्वासात जाते. ओले घासले की तिचा काळा चिखल होतो आणि तो धुऊन टाकता येतो. शेवटी स्वच्छ धुऊन, पुसून, खाण्यायोग्य दर्जाच्या मिनरल ऑइलचा थेंब फडक्याने फिरवा आणि जादाचे तेल पुसा. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल काही दिवसांत खवट होते.

तपासणी: धुतलेली नळी टॉर्चसमोर धरून एका टोकाने आरपार बघा. स्वच्छ गोल उजेड दिसायला हवा. वाकडी नळी असेल तर कोरडा पाइप क्लीनर घालून बघा, तो न अडकता जायला हवा आणि पांढराच बाहेर यायला हवा. मग जिभेचे टोक कडेला लावा. साबण, कडूपणा किंवा रसायनाची चव लागली तर पुन्हा धुवा.

## टप्पा ५: वाटी आणि दांडी, पाण्याशिवाय

बुरकुंड मऊ आणि सच्छिद्र असते. त्यामुळेच ते ओल शोषते, आणि त्यामुळेच ते पाण्यात घालायचे नसते. भिजलेली वाटी आतून भुसभुशीत होते, बाहेरचे प्लास्टर सुटते आणि दांडीचा सांधा ढिला पडतो.

राख उलटी ठोकून काढताना टेबलाच्या कडेवर आपटू नका, तळहातावर हलकेच ठोका. उरलेली राख दुमडलेल्या टिश्यूने पुसा. वाटीच्या भिंतीवर कालांतराने कोळशाचा थर बसतो. रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतका थर राहू द्या, त्याने वाटी जळण्यापासून वाचते. त्याहून जाड झाला तरच खरवडा, आणि तोही सुरीने नाही. लाकडी पाइपसाठीची पाती असलेली हत्यारेही इथे जोर लावून फिरवू नका, बुरकुंडाचे लचके निघतात. काडीला वॉटर पेपर गुंडाळून हळू फिरवलेला पुरतो.

दांडीच्या आत कोरडे पाइप क्लीनर फिरवा. फारच चिकट असेल तर क्लीनरच्या टोकाला पिण्याच्या व्होडकाचा एकच थेंब लावा आणि त्यानंतर दांडी पूर्ण वाळू द्या. त्याआधी नळी जोडली तर तोच अल्कोहोल खुंटीला लागतो आणि चौथ्या टप्प्यातली मेहनत फुकट जाते.

वाटीत मीठ भरून त्यावर दारू ओतायचा उपाय लाकडी पाइपसाठी सांगितला जातो. मक्याच्या पाइपला तो करू नका. बुरकुंड दारू पिते, आतपर्यंत भिजते आणि मग आठवडाभर वाळत नाही.

## टप्पा ६: नळी परत बसवा

इथे आपल्याकडच्या हवेचा थेट संबंध येतो. दांडी लाकडी आहे आणि लाकूड हवेतली ओल घेते. मुंबई, कोकण, गोवा इथे जुलैत दांडीचे भोक आवळते आणि नळी आत जाता जात नाही. तीच नळी मार्च-एप्रिलमध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, सैल होऊन गळून पडते. पावसाळ्यात घट्ट होते म्हणून खुंटी घासणारे लोक उन्हाळ्यात नवी नळी शोधत फिरतात. म्हणून पक्का नियम: पावसाळ्यात खुंटी घासायची नाही.

घट्ट असेल तर खुंटीवर मेणाचा तुकडा एकदा फिरवा, बोटाने पातळ पसरवा आणि गोल फिरवत आत सरकवा. तरीही जोर लागत असेल तर थांबा. दांडी उभी चिरली तर तिला दुरुस्ती नाही.

सैल असेल तर मेणाचा थोडा जाड थर काम भागवतो. खुंटी मेणबत्तीवर तापवून फुगवायची युक्ती एबोनाइटसाठी आहे. प्लॅस्टिक आणि ॲक्रिलिकवर ती करू नका, आच जरा जास्त लागली तर खुंटी वितळून जाते आणि धूर नाकात जातो. सेलोटेप, टेफ्लॉन टेप, फेविक्विक यातले काहीही सांध्यात घालू नका. गरम, ओलसर धूर त्यांच्यावरूनच तोंडात येणार असतो.

नवी नळी घ्यायची असेल तर खुंटीचा व्यास व्हर्नियरने दोन जागी मोजा, टोकाशी आणि बुडाशी, कारण खुंटी बऱ्याचदा निमुळती असते. फिल्टर वापरत असाल तर आतल्या भोकाचा व्यासही मोजा. मक्याच्या पाइपचे फिल्टर साधारणपणे ६ मिलिमीटरचे असतात. युरोपात चालणारे ९ मिलिमीटरचे त्यात जात नाहीत. विक्रेत्याला पदार्थ स्पष्ट विचारा. ‘फूड ग्रेड’ एवढाच शब्द पुरेसा नाही, प्लॅस्टिक कोणते आणि वर रंगाचा थर आहे का, ही दोन्ही उत्तरे हवीत. देता येत नसतील तर दुसरीकडे बघा.

दात करकरतात म्हणून कडेवर रबरी टोपी घालणाऱ्यांनी लेटेक्सची ॲलर्जी असेल तर सिलिकॉनची घ्यावी. टोपीखाली घाण साठते, ती दर वेळी काढून धुवा.

तपासणी: भरण्याआधी रिकामा पाइप ओढून बघा. हवा सहज यायला हवी. वाटीचे तोंड तळव्याने झाकून ओढल्यावर हवा अडली पाहिजे. अडली नाही तर सांध्यातून गळती आहे.

## टप्पा ७: पहिले काही भरणे

नळीचा पदार्थ कितीही चांगला असला तरी ती तापवणारा तुम्हीच असता. जळत्या तंबाखूचे तापमान शेकडो अंश असते. धूर दांडीतून येता येता निवतो, पण झुरके भराभर मारले की निवायला वेळच मिळत नाही. खुंटीजवळ बोट लावा. कोमट लागले तर ठीक. चटका बसत असेल तर पाइप खाली ठेवा आणि निवू द्या. प्लॅस्टिकची नळी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

पहिले काही भरणे वाटीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच ठेवा. तळाशी दांडीचे जे लाकडी टोक आत आलेले असते ते सुरुवातीला जळते आणि जळक्या लाकडाची चव येते. अनेकांना वाटते की नळीचे प्लॅस्टिक जळते आहे, आणि ते चांगली नळी फेकून देतात. ही चव सुरुवातीच्या भरण्यांत, तळाशी पोचल्यावर येते आणि हळूहळू जाते. प्लॅस्टिक वितळल्याचा वास वेगळा असतो: तिखट, नाकात झोंबणारा, पाइप पेटल्या पेटल्या येणारा. तो आला तर लगेच थांबा आणि खुंटी तपासा.

टोक जळू नये असे वाटत असेल तर चिरूटाची बारीक राख पाण्यात कालवून घट्ट लगदा करा आणि तळाशी टोकाच्या पातळीपर्यंत थापा. दांडीचे भोक मात्र पाइप क्लीनर घालून मोकळे ठेवा. लगदा वाळायला दोन दिवस द्या.

नळी सतत दातांत धरून चावू नका. हाताने धरा. चावल्याने पडलेले खड्डे पुढे चिरा होतात.

## टप्पा ८: ओढून झाल्यावर आणि पावसाळ्यात

राख काढा, पाइप थंड होऊ द्या, मग नळी काढून दोन्हींत कोरडे क्लीनर फिरवा. फिल्टर आत तसाच ठेवण्याची सवय मोडा. ओला कागद, उबदार जागा आणि बंद डबा मिळाले की बुरशीला आणखी काही लागत नाही. एक पाइप दोन दिवस सलग वापरू नका, त्याला वाळायला अवधी द्या.

पावसाळ्यात दोन भागांच्या गरजा उलट्या आहेत. बुरकुंडाला कोरडी, उबदार हवा हवी, तर एबोनाइटला ऊन चालत नाही. म्हणून भाग वेगळे करा. वाटी हवेशीर जागी, जाळीच्या टोपलीत, तोंड खाली करून ठेवा. नळी कापडात गुंडाळून खणात. वाटीच्या आत पांढुरकी किंवा हिरवट लव दिसली, कुबट वास आला, तर ती उन्हात ठेवून ‘मारू’ नका. बुरकुंडात मुरलेली बुरशी पुसून जात नाही. वाटी फेका.

पाइप दुसऱ्याला ओढायला देऊ नका, दुसऱ्याचा घेऊ नका. नळीच्या चिरांतली लाळ धुऊन पूर्ण निघत नाही.

## टप्पा ९: नळी कधी फेकायची

यातले एकही दिसले तर विचार करत बसू नका:

- उजेडात जाळीसारख्या चिरा
- दाताच्या कडेला आरपार भोक किंवा निघालेला तुकडा
- धुऊनही न जाणारा चिकटपणा किंवा रसायनाचा वास
- फडक्यावर उतरणारा रंग (एबोनाइटचा तपकिरी थर सोडून)
- वाकलेली किंवा लंबगोल झालेली खुंटी
- वय आणि पदार्थ दोन्ही माहीत नसलेली जुनी नळी

फेविक्विकने जोडलेली नळी तोंडात घालू नका. जोड उष्णतेने आणि ओलीने पुन्हा सुटतो, आणि सुटतो तो तोंडात.

नळी बदलली की त्याच वेळी आरशासमोर उभे राहून ओठांची आतली बाजू, गालांचा आतला भाग, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग बघा, विशेषतः जिथे नळी टेकते आणि धूर आधी लागतो ती जागा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर ती धारदार कडेमुळे झाली असेल असे स्वतःच ठरवू नका. पाइप बंद करा आणि दंतवैद्याला दाखवा. जाताना आधीची नळीही बरोबर न्या, म्हणजे ती कुठे घासत होती हे त्यांना बघता येईल.